नागमोडी फाटक

"आडवं घिऊन कुठं घुसतुयास? उभं धर, उभं," आबा म्हणाले.

आमच्या भोई गल्लीतल्या दिनूनं जन्मात कधी वल्हं उभं धरून नेलं नव्हतं. त्यानं ते निशाणाच्या काठीसारखं छातीशी धरलं, लोखंडी नळ्यांच्या मधून आत शिरला, डावीकडं वळला, लगेच उजवीकडं वळला आणि पलीकडं नदीच्या बाजूला बाहेर पडला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

"वल्हं पास," देशमाने साहेब हसून म्हणाले.

"पास," आबांनीही मान डोलावली. "आता फुडचं आणा. नदीला जे जे न्हेतो ते समदं आणा."

त्या दिवशी आबांचा, माझ्या वडलांचा, चेहरा लग्नघरच्या यजमानासारखा फुलला होता, आणि का फुलू नये? गेली कित्येक वर्षं या माणसानं एकच वाक्य घोकलं होतं. नदीवर जायची वहिवाटीची वाट कुणालाही बंद करता येत नाही. नियमातलं वाक्य आहे ते. आबा चौथी शिकलेले, पण महापालिकेत जाऊन ते हे वाक्य अशा काही ठसक्यात म्हणत, की समोरचा साहेब चहाचा कप खाली ठेवायचा.

झालं होतं असं, की आमची गल्ली आणि कृष्णा यांच्या मधे महापालिकेनं फिरायला म्हणून फरशीचा लांबच लांब पट्टा बांधायला काढला. त्याचं नाव 'कृष्णातीर'. दिव्यांचे खांब, शोभेची झाडं, एका टोकाला हॉटेलं, आणि सगळ्याच्या भोवती माणसाच्या डोक्यावरून जाईल असं टोकदार लोखंडी कुंपण. हे सगळं चालवायला एक कंपनी नेमलेली. नकाशात नदी होती, कुंपण होतं, हॉटेलं होती, आमची गल्ली तेवढी नव्हती. आमचे पूर्वज पालख्या वाहायचे आणि नावा चालवायचे. पालख्या गेल्या, पूल झाला तशा नावाही गेल्या, मासळीपुरत्या चार-दोन होड्या घाटावर बांधलेल्या राहिल्या. नदीची वाटच गेली असती तर त्या गल्लीत राहून आम्ही काय टाळ कुटत बसणार होतो?

आबा भांडले. साहेबांच्या दारात ताटकळले, उपोषणाला बसले, लोकांनी वेड्यात काढलं तेही सोसलं. शेवटी कंपनीनं गल्लीच्या तोंडाशी एक फाटक द्यायचं कबूल केलं. तिकीट नाही, कुलूप नाही, रात्रीबेरात्री कधीही जा. अट एकच, मोटारसायकली आणि म्हशी आत येऊ नयेत म्हणून फाटक नागमोडी असेल. आबांना अट रास्त वाटली. घाटावर गाड्या धुणाऱ्या पोरांनी त्यांनाही वीट आणला होता.

महापालिकेच्या या देशमाने इंजिनिअरवर मला पुढं पुष्कळदा रागवावंसं वाटलं, पण जमलं नाही. भला माणूस होता. त्यानं नळ्या नुसत्या रोवून ठेवल्या होत्या. म्हणाला, "आबा, काँक्रीट ओतायच्या आधी तुमच्या सगळ्या सामानासकट जाऊन बघा. अडलं तर आत्ता सांगा. नंतर मला काही हलवता यायचं नाही."

मग काय, गल्ली लोटली. जाळ्यांचे भारे गेले, धुण्याची बोचकी गेली, भरल्या घागरी घेऊन बायका गेल्या. वनिताला आठवा महिना लागला होता. ती पोटाला हात लावून तिरकी तिरकी गेली, तर बायकांनी "बाळ पास" म्हणून तिला भंडावून सोडलं. कुणीतरी गणपतीचा पाट डोक्यावर घेऊन गेलं. महादूचं लग्न ठरलं होतं, तर त्याला नवरदेवाच्या ऐटीत चालायला लावलं आणि नवरी म्हणून दिनूला त्याच्या मागं लावलं. जोडीनं जाता येत नव्हतं, मागं-पुढंच जावं लागत होतं.

"बायकूला फुडं घाल रं," एक म्हातारी म्हणाली. "न्हायतर जल्मभर मागं वळून बघत चालावं लागंल."

सगळ्यात शेवटी अनसाआत्ती आली. आत्ती म्हणजे आबांची धाकटी बहीण. लग्नाचं वरीस पुरं व्हायच्या आत नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला गाडीत बसवून माहेरी पाठवली. ती आली ती राहिलीच. पुढं माझी आई गेली तेव्हा माझी वेणी घालायला, मला ओरडायला आणि माझ्या लग्नात रडायला तीच होती. अंगानं काटकी, पण तिच्या जिभेला सगळी गल्ली टरकून असायची. मासळीची पाटी डोक्यावर घेतली की अशी ताठ चालायची, की तिला वाट द्यावी लागे.

त्या दिवशी ती पाटी घेऊन फाटकात शिरली आणि पहिल्याच वळणाला पाटीची कड नळीला लागली.

"मान सांभाळ, अनसे," आबा म्हणाले. "जराशी डावीकडं घे."

तिनं मान डावीकडं घेतली, वळण काढलं, पलीकडं गेली, तशीच परत आली. पाटी खाली ठेवली. टाळ्या वाजल्या, पण ती हसली नाही. नळ्यांकडं बघत राहिली.

"दादा, चालत जाणारं समदं बघितलंस," ती म्हणाली.

"बघितलं की."

"मग चालत न जाणाऱ्याचं काय? चौघांनी मिळून..."

"अनसे." आबांचा आवाज एकदम खाली आला. "शुभ बोल."

"मी काय वंगाळ बोलले? आज न्हाय तर उद्या..."

"शुभ बोल म्हंटलं न्हवं? नारळ फोडायचाय आज. शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणं मांडवाला आग लागली. तशातली गत तुझी."

बायका हसल्या. आमच्यात मंगल कामात तसला शब्द काढत नाहीत. घराचा पाया घालताना नाही, होडी पहिल्यांदा पाण्यात सोडताना नाही, नवं जाळं टाकताना नाही. जो काढतो त्याच्यावरच तो उलटतो म्हणतात. आत्तीला काय म्हणायचं होतं ते तिथल्या एकूण एक मोठ्या माणसाला कळलं होतं. कळलं, आणि सगळे गप्प बसले.

देशमान्यांना तेवढं कळलं नाही. "काय म्हणतात मावशी?" त्यांनी विचारलं. "काही अडचण आहे का?"

आबांनी बहिणीकडं बघितलं, मग हातातल्या नारळाकडं बघितलं. "काय न्हाय सायेब. म्हातारी झालीया. हितं बसाय काय तरी असतं तर बरं झालं असतं, म्हणती."

"एवढंच ना? बाक टाकून देतो."

"बाक कुणाला पायजे हुता," आत्ती म्हणाली. पाटी उचलली आणि घराकडं चालू लागली.

नारळ फुटला, पेढे वाटले. दोन दिवसांत काँक्रीट ओतलं आणि आठवड्याभरात फाटकाच्या अलीकडं सिमेंटचा गुळगुळीत बाकही आला. गल्लीतली सगळी म्हातारी माणसं संध्याकाळी त्यावर टेकायची. आत्ती मात्र कधी बसली नाही. पाटी घेऊन निघाली की त्याला वळसा घालून जायची.

त्या वर्षी गणपती उठले आणि त्याच आठवड्यात आत्ती गेली. दारात मासे साफ करत बसली होती. भिंतीला टेकली ती टेकलीच. विळा हातात तसाच होता. मला सासरी निरोप आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. पिठाच्या हातांनीच मी गाडीत बसले.

आमच्या गल्लीची एक रीत आहे. माणूस गेलं की त्याला थेट स्मशानात नेत नाहीत. आधी घाटावर नेतात, त्याचे पाय नदीच्या पाण्याला लावतात, आणि मग काठाकाठानं खालच्या अंगाला स्मशानात. घाटापर्यंत बायकाही जातात. ज्याचं पोट नदीवर गेलं त्यानं नदीला सांगून जावं, एवढाच त्याचा अर्थ. आणि दुसरी रीत सगळीकडं असते तीच. उचललेली तिरडी माघारी फिरवायची नाही.

आबा अंगणात बांबू बांधत होते. दिनू जवळ जाऊन हळूच म्हणाला, "आबा, फाटकाचं काय?"

"हॉटेलाच्या अंगाला मोठं फाटक हाय की. गाड्यांचं. ते उघडतील," आबा दोरी आवळत म्हणाले. "मयताला वैरीबी वाट सोडतो."

खरंच होतं ते. आम्ही सगळ्यांनी तेच बघत जन्म काढला होता. बाजारात मारामारी चाललेली असली तरी तिरडी आली की लोक टोपी काढून बाजूला होतात. एसटी थांबते. आबांचा माणसांवर तेवढा भरवसा होता, आणि मला विचाराल तर तो भरवसाच त्यांच्या मुळावर आला.

आत्तीला मूलबाळ नव्हतं, म्हणून विस्तवाचं मडकं आबांनी धरलं. ते पुढं, मागं चौघांच्या खांद्यावर आत्ती, आणि मागं आम्ही बायका. गल्लीच्या फाटकाशी आलो तर नवा पहारेकरी उभा होता. लातूरकडचा कुणी, पोटासाठी आलेला. त्यानं बिचाऱ्यानं लगेच हात जोडले.

"मोठं फाटक उघड, बाबा," आबा म्हणाले.

"मामा, किल्ली मॅनेजर साहेबांकडं असते. फोन लावून देतो."

त्यानं फोन लावून आबांच्या कानाशी धरला, कारण आबांचे हात मडक्यानं अडकलेले होते. मॅनेजरचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"काका, तुमचं दुःख समजू शकतो. पण मोठ्या फाटकातून मिरवणूक सोडायला परवानगी नाही."

"मिरवणूक?"

"बरं, जमाव म्हणा. आज आत वाढदिवसाचा कार्यक्रम आहे, लहान मुलं आहेत. पुलावरून रस्ता आहे ना? महापालिकेची गाडी फुकट येते. आणि काका, गल्लीसाठी वेगळं फाटक दिलंय की. तुम्हीच ते पास केलंत, असं मला सांगितलंय."

आबांनी मान बाजूला घेतली. पहारेकऱ्यानं फोन खिशात टाकला. कुंपणापलीकडं, हॉटेलांच्या बाजूला, फुगे बांधलेले दिसत होते.

दिनू आणि महादू पुढच्या बाजूला होते. त्यांनी तिरडी तशीच फाटकात घालून बघितली. दोघं आत शिरले, पुढचे बांबू पहिल्या वळणाच्या नळीला ठोकले आणि तिरडी थांबली. वर उचलून बघितली, तिरपी करून बघितली. आत्तीचं डोकं एका बाजूला कलंडायला लागलं तशा बायका ओरडल्या आणि ते मागं आले. खांदे भरून आले होते. खाली जमिनीवर ठेवायची नव्हती. मग कुणीतरी म्हणालं आणि त्यांनी तिला त्या बाकावर टेकवली.

इतके महिने वळसा घालून गेली होती, आणि शेवटी तिला तिथंच टेकवली. मला आबांचा असा राग आला, की त्यांच्या हातातलं मडकं हिसकावून घ्यावं.

पहारेकरी बराच वेळ चुळबुळत होता. शेवटी अगदी मनापासून म्हणाला, "मामा, उभं करून नेता येईल की. वल्ही नाही का रोज तशीच नेता तुम्ही?"

मग दिनू त्याच्या अंगावर धावला. आबा मधे उभे राहिले.

"त्याला का मारतुयास?" ते म्हणाले. "उभं धर म्हणून तुला कुणी शिकवलं? मीच न्हवं?"

"मग पहार आणतो. फोडूनच काढतो हे फाटक."

"आन् तवर तिला हितं बाकावर ठेवू? रस्त्यानं जाणाऱ्यांनी बघत बसायचं?"

गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर रामभाऊंनी आबांकडं बघून घसा खाकरला. "हरबा, रीत जरा बाजूला ठेव. माघारी फिरवू या. पुलावरनं गाडीनं न्हेऊ. देव काय बघत न्हाय."

"अनशीला माघारी फिरवू?" आबा म्हणाले. "एकदा सासरनं माघारी आलीया ती. तेवढं बास झालं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मंजे, हे धर." विस्तवाचं मडकं बाईच्या हातात देत नाहीत. त्यांनी दिलं, मी घेतलं, आणि एकानंही तोंड उघडलं नाही.

आबांनी बाकाशी बसून दोऱ्या सोडल्या. स्वतः बांधलेल्या गाठी होत्या, चटाचटा सुटल्या. मग त्यांनी एक हात तिच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि उभे राहिले. सत्तरी गाठलेला माणूस. कुणी पुढं झालं तर मानेनंच नको म्हणाले.

"हलकी हाय," ते म्हणाले.

ते फाटकात शिरले. पहिल्या वळणाला तिचं डोकं नळीकडं झुकलं.

"मान सांभाळ, अनसे," आबा म्हणाले.

त्या दिवशी ज्या बायका हसल्या होत्या त्यांनी पदर तोंडात कोंबले. आबांनी कोपर मधे घातलं, नळी त्यांच्या हाताला घासून गेली आणि कातडं सोलवटलं. दुसऱ्या वळणाला तिचे पाय अडकले. ते मागं सरले, आडवे झाले, तिला छातीशी उंच धरली आणि पाऊल पाऊल करत निघाले. ज्या गल्लीच्या वाडवडलांनी लोकांच्या पालख्या पाणी न हिंदकळता वाहिल्या, त्या गल्लीत आमच्या माणसाला चौघांचे खांदे मिळाले नाहीत. पलीकडं पांढरे बूट घातलेली फिरणारी माणसं थांबली होती. एकानं पोराच्या डोळ्यांवर हात ठेवला. एकानं मोबाइल वर धरला होता.

मग तिरडीचे बांबू नेले. दिनूनंच नेले, एक एक करून, उभे धरून.

घाटाच्या शेवटच्या पायरीवर आबा तिला मांडीवर घेऊन बसले आणि तिचे पाय पाण्यात सोडले. नदीला पावसाचं गढूळ पाणी होतं. आम्ही वर उभ्या होतो. त्यांच्या हाताचं रक्त तिच्या लुगड्याला लागलं होतं, ते आबा पुन्हा पुन्हा पाण्यानं पुसत होते आणि ते आणखीच पसरत होतं.

"शुभच बोलली हुतीस गं," ते म्हणाले.

दहाव्यानंतर देशमाने घरी आले. त्यांची बदली झाली होती, तरी कुणाकडून कळलं म्हणून आले. ओसरीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं. चहा तसाच गार झाला.

"त्या दिवशी सांगितलं असतंत, आबा," ते म्हणाले. "एका दिवसात वळण रुंद करून दिलं असतं. काय लागत होतं त्याला?"

देशमाने गेल्यावर तो कप उचलून आबांनी स्वतः विसळला.

पुढं ते महापालिकेत पुन्हा गेले. या वेळी उत्तर त्यांच्याच वाक्यात मिळालं. वहिवाटीची वाट बंद केलेली नाही, पायी जाणाऱ्या प्रत्येकासाठी ती खुली आहे. खोटं काय होतं त्यात? मासळी जात होती, जाळी जात होती, महादूची बायकोही ओटी भरून नदीला जाऊन आली. काँक्रीट फोडायला मंजुरी लागते, मंजुरीला ठराव लागतो, ठरावाला नगरसेवक लागतो, आणि नगरसेवक हॉटेलांच्या उद्घाटनाला येऊन जात होता. आबांनी जाणं सोडून दिलं. त्यानंतर गल्लीत जे जे गेले, ते गाडीनं पुलावरून गेले. पहिल्या एक-दोघांच्या वेळी लोक हळहळले, पुढं तेही बंद झालं.

पुढं अगदी थकल्यावर आबा माझ्याकडंच होते. एकदा दूध प्यायला उठवलं तर म्हणाले, "मंजे, मला गाडीनं न्या. पुलावरनं."

"असलं आत्ताच कशाला, आबा? शुभ बोला."

माझ्या तोंडून ते निघून गेलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला जीभ चावावीशी वाटली.

"न्हाय, आत्ताच बोलतो," ते म्हणाले. "गाडीनं न्या."

"आणि नदी?"

"अनशीला मी न्हेली. ती हलकी हुती. मला कोण न्हेणार?"

"तांब्यानं पाणी आणीन मी घाटावरनं. पाय भिजवू."

"तसलं काय करायचं न्हाय," ते म्हणाले. "नदी आपल्याकडं येत नसती. आपुन जायाचं असतं. जमत न्हाय तर ऱ्हाऊ दे."

आबा गेले ते श्रावणात. त्यांना गल्लीत आणलं तर दिनूनं तांब्या भरून आणला होता. मी तो तुळशीत ओतायला सांगितला. गाडीच्या ड्रायव्हरनं मागचं दार उघडून दिलं, चौघांनी स्ट्रेचर आत सरकवलं, झालं. गाडी पुलावरून गेली तेव्हा खाली कृष्णा दुथडी भरून चालली होती. आबांचे पाय कोरडे गेले.